घरगुती चित्रफितींची तबकडी-नक्कल व तिचें प्रामाण्य

ऐतिहासिक कागदाचें परीक्षण करितांना मूळ कोणतें, नक्कल कोणती, व नक्कल असल्यास ती कोणीं, केव्हां व कशावरून उतरली, हे प्रश्न संशोधकास प्रथम सोडवावे लागतात. बखरी, करीने व महजर यांच्या बाबतींत हे प्रश्न विचारण्याची संवय आम्हांस झालेली आहे. परंतु गेल्या सुमारें चाळीस वर्षांत मराठी घरांतून जें एक नव्या जातीचें दप्तर सांचलें, त्याविषयीं हे प्रश्न फारसे विचारले जात नाहींत. हें दप्तर म्हणजे लग्नें, मुंजी, साठीशांती, गांवची जत्रा, तान्ह्या मुलांचीं बारशीं यांच्या चित्रफिती. आणि त्याहूनही अधिक प्रमाणांत, त्या फितींवरून घरच्या संगणकावर उतरवून घेतलेल्या डीव्हीडी तबकड्या. पुष्कळ घरीं तबकडी हातीं पडल्यावर फीत निरुपयोगी ठरून रद्दींत गेली. म्हणजे नक्कल राहिली व मूळ नष्ट झालें. या नकलेचें प्रामाण्य किती, हें ठरविणें हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

असल्या घरगुती वस्तूंस इतिहासाचीं साधनें म्हणावें काय, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर आमच्या मतें जुनेंच आहे. राजवाड्यांनीं १८९८ सालीं साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, त्यापूर्वीं माळ्यावरच्या खासगी पत्रांची व जमाखर्चांची किंमत त्यांच्या मालकांस तरी कोठें ठाऊक होती? लग्नाच्या फितींत नवरानवरीपेक्षां त्यांच्या मागें काय दिसतें तें पाहावें. वाड्याची ओसरी, माजघरांतील भांडीं, पंगतींतील पात्राची मांडणी, वृद्ध स्त्रियांची नेसण, आणि विशेषेंकरून बोलण्याची तऱ्हा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपापूर्वीं त्या भागांतील एखाद्या घरीं फीत काढली गेली असेल, तर दगडमातीच्या त्या घरांचें हलतें चित्र तींत सांपडण्याचा संभव आहे. तसें साधन दुसरीकडे शोधून मिळणार नाहीं.

प्रथम फितीचा वृत्तांत थोडक्यांत सांगतों. अर्धा इंच रुंदीच्या फितीची व्हीएचएस ही पद्धति जपानांत जेव्हीसी कंपनीनें १९७६ सालीं बाजारांत आणली. आपल्याकडे रंगीत दूरचित्रवाणी १९८२ सालीं आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्तानें सुरू झाली, व त्यानंतरच्या दशकांत शहरांतून व तालुक्याच्या गांवांतून लग्नाचें ‘शूटिंग’ करणारे स्टुडिओ निघाले. त्यांच्या भाषेंत कच्च्या फितीवर नांवें, फुलांच्या चौकटी व गाणीं घालून पक्की कॅसेट करण्यास ‘मिक्सिंग’ म्हणत. यावरून हें ध्यानांत येईल कीं, घरांत जी कॅसेट असते ती बहुधा पहिली प्रत नव्हेच. ती स्टुडिओच्या फितीवरून उतरलेली दुसरी किंवा तिसरी प्रत असते. व्हीएचएसची प्रत्येक उतार मूळापेक्षां पुसट होतो व रंग वस्तूच्या कडेबाहेर सरकूं लागतो. लाल शालूचा रंग शेजारच्या भिंतीवर ओघळलेला दिसला, तर ती प्रत मूळापासून दोनतीन पिढ्या दूर आहे असें समजण्यास हरकत नाहीं.

१९९५ सालीं डीव्ही नांवाची अंकीय फीत निघाली. हिच्या लहान कॅसेटींत एक तासाचें चित्र बसे, व तें संगणकावर घेतल्यास सुमारें १३ अब्ज बाइट इतकी जागा व्यापी. हिचा विशेष असा कीं, एका तारेनें ती संगणकास जोडली म्हणजे फितीवरील अंक जसेचे तसे, एकही न बदलतां, उतरून घेतां येत. नक्कल व मूळ यांत भेदच न उरण्याची ही स्थिति लेखनकलेच्या इतिहासांत मुद्रणामुळेंही आली नव्हती. दुर्दैवानें बहुतेक घरीं या सोयीचा उपयोग केवळ मधली पायरी म्हणून झाला. अंक उतरले, त्यांची तबकडी झाली, आणि डिस्क भरली म्हणून ते अंक पुसले गेले.

अमेरिकेंतील मराठी कुटुंबांच्या फितींची एक वेगळीच अडचण होती. तेथील चित्राची पद्धति एनटीएससी, म्हणजे सेकंदास सुमारें ३० चित्रांची व ४८० ओळींची. आपली पाल, म्हणजे २५ चित्रांची व ५७६ ओळींची. नातवाच्या वाढदिवसाची कॅसेट पुण्यास आली तरी आजीआजोबांच्या यंत्रावर ती नीट लागत नसे. पुढें अशा फिती संगणकावरून तबकडीवर गेल्या, तेव्हां कित्येकांनीं एका पद्धतीचें दुसऱ्या पद्धतींत रूपांतर करून घेतलें. सेकंदाच्या तीस चित्रांचीं पंचवीस करणें म्हणजे कांहीं चित्रें गाळणें किंवा दोहोंचें मिश्रण करणें. हातापायांच्या हालचालींत एक ठराविक गचका दिसतो तो यामुळें. हा गचका आढळल्यास ती फीत परदेशांत काढलेली असण्याचा बळकट संभव आहे, मग वेष्टणावर कांहीं लिहिलेलें असो वा नसो.

आतां तबकडीकडे वळूं. तोशिबा व तिचे सहकारी एका बाजूस आणि सोनी व फिलिप्स दुसऱ्या बाजूस, अशा दोन पक्षांत १९९५ च्या डिसेंबरांत एकमत होऊन डीव्हीडीचें स्वरूप ठरलें. जपानांत नोव्हेंबर १९९६ मध्यें व अमेरिकेंत पुढील वर्षीं तबकडी-यंत्रें विकावयास आलीं. घरीं तबकडी लिहिण्याची गोष्ट मात्र त्या वेळीं कोणाच्या स्वप्नांतही नव्हती. १९९७ सालच्या पायोनियर कंपनीच्या पहिल्या लेखनयंत्राची किंमत सुमारें १७ हजार डॉलर होती. आणि तबकडीची रचना करणाऱ्या आज्ञावल्या व्यवसायी मंडळींसाठींच असल्यामुळें त्यांची किंमतही तशीच होती व त्या शिकावयासही कठीण होत्या.

ही स्थिति जानेवारी १९०१ पासून बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे जानेवारी २००१ मध्यें पालटली. त्या महिन्यांत ॲपल कंपनीनें ३,४९९ डॉलर किंमतीच्या एका संगणकांत पायोनियरचें लेखनयंत्र बसवून त्याबरोबर ‘आयडीव्हीडी’ नांवाची आज्ञावली दिली. ही आज्ञावली घडविण्यामागें आधींच्या वर्षीं विकत घेतलेल्या ‘आस्टार्टे’ नामक जर्मन मंडळीचें ज्ञान होतें. चित्रें ओढून एका चौकटींत टाकावीं, तयार नमुन्यांतून एक मुखपृष्ठ निवडावें, व एक कळ दाबावी, एवढ्यानें तबकडी सिद्ध होई. पहिल्या आवृत्तींत एका तबकडीवर ६० मिनिटांचेंच चित्र बसे. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या आवृत्तींत ही मर्यादा ९० मिनिटांवर गेली.

या साठ मिनिटांचा इतिहासलेखकानें विचार केला पाहिजे. लग्नाची फीत तीनतीन तासांची असे. ती तासाभरांत बसवावयाची तर कातर लावावी लागे. आणि कातर कशास लागे? जेवणावळ, वऱ्हाडाची वाट पाहणें, ओसरीवरच्या गप्पा, हें सर्व प्रथम गळे. मंगलाष्टकें व सप्तपदी राहत. म्हणजे जें सर्व लग्नांत सारखें असतें तें टिकलें आणि जें एकाच घरचें होतें तें गेलें. जुन्या पोथीचा बांधणावळ करणाऱ्यानें समासच कापून टाकावेत व त्या समासांतच टिपणें असावींत, तसाच हा प्रकार होय.

विंडोज यंत्रांवर याच सुमारास युलीड, पिनॅकल, सॉनिक, नीरो इत्यादि मंडळींच्या आज्ञावल्या प्रचारांत आल्या. आपल्याकडे मॅक यंत्रें थोडीं असल्यामुळें बहुतेक मराठी तबकड्या यांपैकींच कोणत्या तरी आज्ञावलीनें झालेल्या असाव्यात असें आम्हांस वाटतें. मायक्रोसॉफ्टनें स्वतःची ‘विंडोज डीव्हीडी मेकर’ ही आज्ञावली व्हिस्टाबरोबर २००७ सालीं दिली, विंडोज ७ मध्यें ठेविली, व २०१२ सालच्या विंडोज ८ मधून काढून टाकिली. ॲपलनेंही २०११ पासून नव्या यंत्रांबरोबर आयडीव्हीडी देणें बंद केलें. तेव्हां घरगुती तबकडी-लेखनाचा भर २००१ ते २०१२ या बारा वर्षांचा धरावा. कालनिर्णयास ही मर्यादा उपयोगी पडते. एखादी घरगुती तबकडी १९९८ सालची म्हणून कोणी दाखविली, तर १९९८ हें प्रसंगाचें साल असेल, तबकडीचें नव्हे.

आज्ञावली नक्कल करिते म्हणजे काय करिते, हें समजल्यावांचून नकलेचें परीक्षण होत नाहीं. तबकडीवर ४.७ अब्ज बाइट मावतात. डीव्ही फितीच्या दोन तासांस २६ अब्ज लागतात. म्हणून पांचांतील चारांहून अधिक भाग टाकावा लागतो. हें टाकणें एमपेग-२ या पद्धतीनें होतें. ती चित्रांचे गट पाडिते. पाल पद्धतींत एका गटांत पंधरापर्यंत चित्रें असतात. त्यांतील एकच चित्र पूर्ण लिहिलें जातें, बाकींच्यांत मागच्यापुढच्या चित्राहून काय निराळें आहे एवढेंच नोंदविलें जातें. मोडी कारकून ‘सदर्हू’ अथवा ‘मजकूर’ लिहून मागच्या ओळीचा हवाला देतो, त्याचीच ही बहीण. स्थिर बसलेल्या माणसांस यानें बाध येत नाहीं. पण अक्षता पडूं लागल्या, दिवे लुकलुकले, किंवा पावसांत पालखी निघाली, कीं सर्वच चित्र क्षणोक्षणीं निराळें होतें, जागा पुरत नाहीं, व चेहऱ्यांवर चौकोनी ठिकऱ्या उमटतात. एका तबकडीवर दोन तासांहून अधिक चित्र कोंबलें असेल तर हा दोष हमखास आढळतो.

दुसरा दोष ओळींचा. फितीवरील प्रत्येक चित्र दोन अर्धांत असतें. विषम ओळी एका अर्धांत, सम दुसऱ्यांत. कोणता अर्ध आधीं हें आज्ञावलीस चुकीचें सांगितलें, तर हालणारी वस्तु पुढेंमागें थरथरते. हा दोष फितीचा नसून नकलाकाराचा आहे. मूळ फीत असल्यास तो सर्वस्वीं दूर होतो.

तिसरा दोष डोळ्यांस दिसत नाहीं, पण आमच्या दृष्टीनें तोच सर्वांत मोठा आहे. डीव्ही फितीवर प्रत्येक चित्राबरोबर चित्रणाची तारीख व वेळ गुप्तपणें लिहिलेली असते. कॅमेऱ्याचें घड्याळ लावलेलें असल्यास, अमुक घरीं अमुक दिवशीं किती वाजून किती मिनिटांनीं मुहूर्त लागला, हें त्यावरून कळतें. एमपेग-२ मध्यें रूपांतर करितांना घरगुती आज्ञावल्या ही नोंद गाळतात, कारण डीव्हीडीच्या रचनेंत तिला स्थान नाहीं. पत्राचा मजकूर उतरून चंद्र व सन मात्र सोडून देणारा लेखक आम्हीं मोडी दप्तरांतही क्वचितच पाहिला असेल. आणि उलट सावधगिरीही सांगितली पाहिजे : ज्या कॅमेऱ्याचें घड्याळ कधींच लावलें नाहीं, त्याच्या फितींवर कारखान्यांतून निघतांनाची आरंभतिथि, म्हणजे बहुधा एखाद्या वर्षाची १ जानेवारी, पडलेली असते. तेव्हां १ जानेवारीस मध्यरात्रीं लागलेल्या लग्नांवर विश्वास ठेवूं नये.

चौथा फरक आवाजाचा. चित्राखालीं गाणें घालण्याची सोय या सर्व आज्ञावल्यांत इतकी सुलभ होती कीं, तिचा मोह थोड्यांसच आवरला. आमच्या पाहण्यांत आलेल्या एका तबकडीवर मुंजीच्या आदल्या दिवशीं घाणा भरण्याचा विधि आहे. जात्याभोंवतीं पांच स्त्रिया बसल्या आहेत, त्यांचे ओठ हालत आहेत, व ऐकूं येते ती सनई. त्या काय म्हणत होत्या? घरच्या मंडळींस विचारतां, त्यांतील दोघी वारल्या, एकीस आठवत नाहीं. फीत सुदैवानें ट्रंकेंत होती. तिच्यावर बुरशी आली असली तरी ती साफ करून लावतां, सुमारें चार मिनिटें त्या स्त्रियांचें गाणें स्पष्ट ऐकूं आलें. तबकडीवर तें मुळींच नाहीं. कारण गाणें घालतांना मूळ आवाज शून्यावर नेऊन ठेविला होता. या एका उदाहरणावरूनच, तबकडी झाली म्हणून फीत टाकावी हा समज किती घातक आहे तें दिसून येतें.

आतां पोथीवर्णनाच्या रीतीनें तबकडीचें वर्णन करितों. व्यास १२ सेंटिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर, ही जाडी ०.६ मिलिमीटरच्या दोन थाळ्या चिकटवून झालेली. लेखन आंतून बाहेर, एकाच सर्पिल रेषेंत. दोन वेढ्यांतील अंतर ०.७४ मायक्रोमीटर. छापील तबकडीची पाठ रुपेरी असते, घरीं लिहिलेलीची जांभळट. कारण तीवर सेंद्रिय रंगाचा थर असतो व लेझरच्या उष्णतेनें त्यावर खुणा उमटतात. लिहिलेला भाग न लिहिलेल्याहून किंचित् निराळ्या छटेचा दिसतो, म्हणून तबकडी किती भरली आहे हें उजेडांत तिरपी धरतांच कळतें.

आंत दोन कप्पे. ‘ऑडिओ_टीएस’ हा बहुधा रिकामाच असतो, कोऱ्या पत्रासारखा. ‘व्हिडिओ_टीएस’ मध्यें तीन जातींच्या फाइली असतात. ‘व्हीओबी’ यांत प्रत्यक्ष चित्र व आवाज. यांतील एकही एक जीबीहून मोठी नसते, म्हणून लांब चित्राचे तुकडे पडलेले असतात. ‘आयएफओ’ ही अनुक्रमणिका. कोणतें प्रकरण कोठें सुरू होतें, कोणती कळ दाबली असतां कोठें जावें, हें तींत असतें. ‘बीयूपी’ ही त्याच अनुक्रमणिकेची जशीच्या तशी दुसरी प्रत, पहिलीस ओरखडा आल्यास उपयोगी पडावी म्हणून ठेविलेली. कित्येक संग्राहक जागा वांचविण्यासाठीं व्हीओबी तेवढ्या उतरून घेतात व बाकी टाकतात. तसें करूं नये. अनुक्रमणिका गेली कीं प्रकरणांचा क्रम व विभाग यांचा कर्त्यानें केलेला निर्णय गेला.

तबकडीस समाप्तिलेखही असतो, फक्त तो वाचावयाचें ठिकाण निराळें. तबकडीच्या आरंभीं जें माहितीचें सदर असतें, त्यांत ती केव्हां लिहिली याची तारीख व पुष्कळदां लिहिणाऱ्या आज्ञावलीचें नांव नोंदलेलें सांपडतें. साधारण संगणकावरही हें सदर वाचतां येतें. तारीख अर्थात् त्या संगणकाच्या घड्याळाची, व नक्कल केल्याची, प्रसंगाची नव्हे. बखरीच्या शेवटीं ‘लिखितं’ म्हणून जो शक येतो तो लेखकाचा कीं ग्रंथकर्त्याचा, या जुन्या वादाची येथें आठवण होते.

नकलेचें मूळ कोणत्या जातीचें होतें हेंही ओळखतां येतें. चित्राच्या अगदीं खालच्या कडेस कांहीं ओळी फाटल्यासारख्या, वळवळणाऱ्या दिसल्या, तर मूळ व्हीएचएस किंवा तत्सम जुनी फीत समजावी. फिरत्या शीर्षांपैकीं एक सोडून दुसरें फितीस लागतांना तो खळगा पडतो. कॅमेऱ्याची डीव्ही फीत असल्यास तो नसतो. कांहीं हौशी लोक नक्कल करितांना ही कड काळ्या पट्टीनें झांकतात, त्यामुळें चित्र सुंदर दिसतें पण पुरावा जातो. चित्र सर्वत्र चुरगळलेलें, मोठ्या ठिकऱ्यांचें असेल, तर मधल्या पिढींत व्हिडिओ सीडी होती असा तर्क करावा. व्हिडिओ सीडी ही १९९३ सालची पद्धति, आपल्याकडे फार लोकप्रिय. तिचें पाल चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचेंच असे. तिच्यावरून डीव्हीडी केली असतां माप वाढतें, तपशील वाढत नाहीं. म्हणून तबकडीचें माप ७२० गुणिले ५७६ आहे, एवढ्यावरून तिची योग्यता ठरवूं नये.

टिकाऊपणाविषयीं घरोघरीं एक भ्रम होता कीं, फीत नाशवंत व तबकडी चिरंतन. जांभळा थर हा सेंद्रिय रंगच. ऊन, उष्णता व दमटपणा यांनीं तो बिघडतो, आणि स्वस्त मालाचा अधिक लवकर. अमेरिकेंतील राष्ट्रीय मानक संस्थेनें २००३ सालीं तबकड्यांच्या जतनाविषयीं एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तींत तबकडी उभी ठेवावी, थंड व कोरड्या जागीं ठेवावी, तीवर चिकटपट्ट्या लावूं नयेत, लिहिणें तर पाण्याच्या शाईच्या मऊ लेखणीनें लिहावें, असें सांगितलें आहे. आपल्याकडे लग्नाच्या तबकडीवर नवरानवरीच्या छायाचित्राचा गोल कागद डकविण्याची चाल होती. तो कागद कडेनें सुटूं लागला तरी ओढून काढूं नये. तशाच स्थितींत तबकडी वाचून घ्यावी. कॅमेऱ्यांतच लिहिल्या जाणाऱ्या आठ सेंटिमीटरच्या लहान तबकड्या दुसऱ्या यंत्रांत ‘कोऱ्या’ दिसल्या, तरी त्या कोऱ्या असतीलच असें नाहीं. लेखन बंद करण्याची शेवटची क्रिया राहिलेली असली म्हणजे असें होतें.

फितीची बाजू याहून निकडीची आहे. व्हीएचएस यंत्रें करणारी शेवटची कंपनी फुनाई, हिनें जुलै २०१६ मध्यें तें काम थांबविलें. यापुढें जीं यंत्रें आहेत तींच, व त्यांची शीर्षें झिजत आहेत. मोडी वाचणारे थोडे उरले तरी नवे तयार करितां येतात; यंत्राचें तसें नाहीं.

म्हणून ज्या संग्राहकांपाशीं हीं साधनें असतील त्यांनीं पुढील रीति ठेवावी असें आम्ही सुचवितों. डीव्ही फीत असल्यास तिचे अंक तारेनें जसेचे तसे उतरावे व तेंच मूळ समजून ठेवावें. त्याची तबकडी करणें असेल तर ती वेगळी. व्हीएचएस फीत उतरतांना एमपेग-२ न करितां एफएफव्ही१ सारख्या कांहींही न गाळणाऱ्या पद्धतीनें उतरावी. जागा पुष्कळ लागते, पण जागा आतां स्वस्त आहे. डीव्हीडी असल्यास तुकडे न काढतां संपूर्ण तबकडीची एकच प्रतिमा-फाइल करावी, म्हणजे अनुक्रमणिका व समाप्तिलेख दोन्ही राहतात. तबकडीवरून पुन्हा दुसरी तबकडी रूपांतर करून मुळींच करूं नये. फीत व तबकडी दोन्ही असल्यास दोन्ही ठेवाव्या; तबकडींत कर्त्यानें काय निवडलें व काय वगळलें हाही घराचा इतिहासच होय.

प्रत्येक वस्तूबरोबर एक टांचण असावें. त्यांत प्रसंग, स्थळ, फीत काढणाऱ्याचें नांव, मूळ फितीची जात, नक्कल करणारा व त्याची आज्ञावली, तबकडीच्या सदरांत सांपडलेली तारीख, आणि मूळ आवाज आहे कीं गाणें घातलें आहे, हें लिहावें. दिसणाऱ्या माणसांचीं नांवें चित्र थांबवून, वयोवृद्ध मंडळींस शेजारीं बसवून, डावीकडून उजवीकडे लिहून घ्यावीं व सांगणाऱ्याचें नांवही नोंदावें. हें काम यंत्राच्या कामाआधीं करावें.